नमुना क्रमांक सतरा

लांबी साडेतीन मिलिमीटर. नर.
डोकं वाटोळं, डोळे एकमेकांना टेकलेले,
"पोतीतल्या मण्यांसारखे," मी लिहिते आणि खोडते,
उपमा चालत नाही इथं.
छाती राखाडी, तिच्यावर तीन पुसट पट्टे.
पाय पिवळे. मागच्या मांडीला सात काटे.
आधी सहा लिहिले होते. दुपारी लाईट गेली,
चारला आली, तेव्हा सातवा दिसला.

बुट्टेनाथाच्या दरीत माघ उतरताना
ओढा तुटत तुटत नुसते डोह उरतात.
शेवटच्या डोहावर करंजाची एक फांदी आडवी,
तिच्याखाली, दिवस कलल्यावर,
ते वर जातात, खाली येतात, वर जातात.
पाण्याला शिवत नाहीत. आवाज नाही.
मी आले होते डासांच्या अळ्या मोजायला.
आमच्या प्रयोगशाळेच्या खय्यूमभाईंनी
थर्मास खडकावर टेकवला आणि म्हणाले,
"म्याडम, ह्या माश्या रिकाम्या हातानं कामून नाचंनात?
पहा की, एकेकाच्या पायात कायतरी हाय."

होतं.
पांढरं, हुरड्याच्या दाण्याहून लहान,
पुढच्या पायातून निघणाऱ्या रेशमात गुंडाळलेलं.
पुस्तकं सांगतात, आत शिकार असते,
एखादं चिलट, मादीसाठी.
ती खाते तेवढा वेळ त्याचा.

सतराव्याची पुडी मी सुईनं उघडली
भिंगाखाली, श्वास धरून. श्वासानं उडतं ते.
एक पदर, दुसरा, तिसरा.
आत काही नव्हतं.
अठराव्याची उघडली. एकोणिसाव्याची.
तेवीस पुड्या, आणि तेवीस वेळा काही नव्हतं.
"रिकामी, पण नीट बांधलेली," असं वहीत लिहिलं,
मग "नीट" खोडलं, ते मोजता येत नाही म्हणून.
संध्याकाळी परत लिहिलं.

खय्यूमभाई बरण्या पुसत ऐकत होते.
"नवा जावई होऊन कळंबला गेलो पहिल्यांदा,
तर बसमधी पेढे संपले.
गाडी बंद पडली, लेकरं रडत होती लोकायची, वाटून टाकले.
खोकं होतं, दोरा होता. बांधलं आन् दिलं तसंच."
मग?
"मग काय. शमीमनं उघडलं. हसली.
सुया-दोरे ठेवती त्यात अजून."

मादीही घेते. डोहावर मी पाहिलं,
घेते, उडता उडता पायांत फिरवते,
चार-पाच वेळा, जणू वजन पाहते,
आणि टाकून देत नाही.
का, ते मला माहीत नाही.
निबंधात तिथं एक वाक्य आहे:
"याचा अधिक अभ्यास व्हायला हवा."
असं वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा लिहिलं आहे.

राहिला नावाचा रकाना.
स्वतःचं द्यायचं नाही, रीत आहे.
दरीचं देता येतं, डोहाचं, गावाचं.
मी खय्यूमभाईंचं दिलं, मागं लॅटिन शेपूट लावून,
आणि कागद त्यांच्यापुढं धरला.
"माशीला?" ते म्हणाले.
"लोकायच्या नावानं झाडं लावतेत."
मग चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, परत घातला,
अक्षरांवरून बोट नेलं सावकाश, तेलकट बोट,
डाग पडला तो अजून आहे.
"म्याडम, ह्याच्यात शमीमचं बसंल का?
तिला सांगू नका पण."

पुरुषाच्या नावाला एक शेपूट असतं, बाईच्या नावाला दुसरं.
मी शेपूट बदललं. त्याला दोन मिनिटं लागली.

आता टाचणीवर नर, शेजारच्या कुपीत त्याची पुडी,
लेबलवर तारीख, करंज, संध्याकाळचे पाच पन्नास.
डोह आटत आला असेल. परवा जाऊन आले पाहिजे.
त्याआधी मांडीचे काटे.
सात, उजव्या पायाचे.
डाव्याचे अजून मोजले नाहीत.